एकच अब्राहाम, दोन साक्षी

ख्रिस्ती धर्मातल्या एका जुन्या वादात दोन्ही पक्षांनी अब्राहामालाच साक्षीला उभं केलं आहे. रोममधल्या मंडळीला इसवी सन 57 च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तेवढ्यावर देवाने त्याला नीतिमान गणलं. तेव्हा अब्राहामाच्या पदरी पुण्याचा साठा नव्हता. त्याची सुंतासुद्धा पुढे झाली. याकोबाच्या पत्राचा लेखक तोच कुलपिता घेतो, उत्पत्तीच्या पुस्तकातलं तेच वचन घेतो आणि उलट टोकाला पोचतो. पोटच्या इसहाकाला वेदीवर ठेवायला अब्राहाम निघाला, त्या कृतीनेच तो नीतिमान ठरला, असं त्याचं म्हणणं. नुसता विश्वास पुरत नाही, हे तो स्पष्ट बजावतो. दोन्ही पत्रं नव्या करारात आहेत. मंडळीने दोहोंपैकी एकही बाहेर काढलं नाही, आणि तेव्हापासून आजवर ती या दोन साक्षींचा मेळ घालते आहे.

तारण होतं कशाने? देवाच्या कृपेने, माणसाच्या विश्वासाने, की त्याच्या सत्कृत्यांनी? कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट, सगळ्याच परंपरा तिन्हींची नावं घेतात. सत्कृत्यांचं कामच नाही असं शिकवणारी मोठी ख्रिस्ती परंपरा शोधून सापडणार नाही, आणि कृपेवाचून चालेल असं म्हणणारीही नाही. वाद आहे तो क्रमाचा, आणि त्याहून जास्त श्रेयाचा. माणूस चांगला वागतो म्हणून देव त्याला जवळ करतो, की देवाने जवळ केलं म्हणून माणूस चांगला वागू लागतो? आणि अखेर हे साधलं कोणामुळे?

या वादात कोण काय म्हणालं याची जंत्री पाठ करून फारसं हाती लागत नाही. कोण कोणाला म्हणालं हे पाहिलं, की पुष्कळ काही उलगडतं. गलतियातल्या मंडळ्यांना पौलाने लिहिलं ते संतापून. त्याच्या इतर पत्रांच्या आरंभी देवाचे आभार मानलेले असतात, तेवढेही इथे नाहीत. तिथल्या यहुदी नसलेल्या नवख्या ख्रिस्ती लोकांना कोणीतरी येऊन सांगितलं होतं, की ख्रिस्तावरचा विश्वास ठीक आहे, पण सुंता करून घेतल्याशिवाय तुम्ही पुरते देवाचे होत नाही. ज्यांना नुकतंच घरात घेतलं होतं, त्यांना पुन्हा उंबऱ्याबाहेर उभं केलं जात होतं. नियमशास्त्राच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही, हे पौलाचं म्हणणं या माणसांसाठी आहे.

याकोबाच्या पत्रातली मंडळी निराळीच. सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा सभेत आला की त्याला मानाची जागा मिळते, मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी बसवतात. उघड्यानागड्या, उपाशी भावाला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावतात. अशा लोकांना विश्वास पुरेसा आहे असं सांगणं म्हणजे त्यांच्या निबरपणाला देवाचं नाव जोडून देणं. खचलेल्याला द्यायचा धीर सुस्तावलेल्याच्या हाती पडला, किंवा सुस्तावलेल्याला द्यायची ताकीद खचलेल्याच्या कानी गेली, की दोन्ही शिकवणी नासतात. पुढच्या शतकांतल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या भांडणात हेच झालेलं दिसतं.

इसवी सन 410 मध्ये आलारिकच्या गॉथ फौजेने रोम लुटलं. शहरातली बडी घराणी जीव मुठीत धरून समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिकेत आली. त्यांत अनिकी हे फार नामांकित घराणं. त्या घरातल्या डेमेट्रिआस नावाच्या तरुण मुलीने 413 च्या सुमारास ठरलेलं लग्न नाकारून आजन्म कौमार्याचं व्रत घेतलं. बातमी चहूकडे गाजली. तिची आई जुलियाना आणि आजी प्रोबा यांनी नामवंत गुरूंकडे तिच्यासाठी उपदेशाची पत्रं मागितली. बेथलेहेमहून जेरोमने लिहिलं. आणखी एक लांबलचक पत्र आलं, ते पेलागियसचं.

पेलागियस मूळचा ब्रिटनचा. तो दीक्षित धर्मगुरू नव्हता, पण कडक आचरणामुळे रोममध्ये त्याचा शब्द मानला जाई. 380 च्या शाही फर्मानाने ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा धर्म झाला होता. एके काळी ख्रिस्ती होण्यात जिवाची जोखीम होती, आता त्यात सोय होती. बाप्तिस्मा झाला तरी वागणं बदलत नव्हतं, आणि माणूस दुबळाच असतो ही सबब सगळ्यांना तोंडपाठ होती. अशा रोममध्ये एकदा कोणीतरी उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टिन याच्या ‘कन्फेशन्स’मधली एक प्रार्थना पेलागियससमोर म्हटली. देवाने जे करायला सांगितलं आहे ते करण्याचं बळही त्यानेच द्यावं, असा तिचा आशय. पेलागियसला ती इतकी खटकली, की बोलणाऱ्याशी त्याचं भांडण व्हायचंच बाकी राहिलं. ही हकीकत खुद्द ऑगस्टिनने नोंदवून ठेवली आहे.

पेलागियसचं म्हणणं सरळ होतं. देव न्यायी आहे. न्यायी देव अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. त्याअर्थी आज्ञा पाळणं माणसाच्या आवाक्यात आहे. विवेक, स्वतंत्र इच्छा, नियमशास्त्र आणि ख्रिस्ताचा आदर्श हे सगळं देवाने आधीच दिलेलं आहे, आणि हीच त्याची कृपा. डेमेट्रिआसला तो लिहितो, की कुळाची प्रतिष्ठा आणि संपत्ती तुला घरच्यांकडून मिळाली, पण आत्म्याची संपत्ती तुझ्यावाचून दुसरं कोणी तुला देऊ शकत नाही. ऑगस्टिन आणि त्याचा मित्र अलिपियस यांनी नेमकं हेच वाक्य उचलून जुलियानाला सावध करणारं पत्र धाडलं. तुझ्याकडे जे आहे ते तुला मिळालेलं आहे. ते तूच घडवलंस असं तुला सांगणारा माणूस तुझ्या मुलीचं भलं करत नाही, असा त्याचा रोख होता.

पेलागियसला इतिहासाने गर्विष्ठ ठरवलं. हा अन्याय आहे. सबबींना कंटाळलेला तो प्रामाणिक शिक्षक होता, आणि रोमच्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांना त्याच्यासारख्या माणसाची गरजच होती. पण माणसाच्या मनाची खोली ऑगस्टिनला जास्त कळली होती. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारच्या बागेतली पेअरची फळं चोरली. भूक नव्हती, फळंही काही खास नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकली. पंचवीसहून अधिक वर्षांनी लिहिताना या क्षुल्लक चोरीवर तो पानंच्या पानं खर्च करतो, कारण चुकीचं आहे हे ठाऊक असताना, चुकीचं आहे म्हणूनच ते करावंसं का वाटलं, हा प्रश्न त्याला सोडत नाही. जिथे इच्छाच दुभंगलेली आहे, तिथे इच्छाशक्ती वाढव असं सांगून उपयोग काय? व्यसनात अडकलेल्याच्या घरच्यांना हा प्रश्न पुस्तक न वाचताही समजतो. ऑगस्टिनच्या लेखी कृपा म्हणजे मोडलेली इच्छा आतून सांधणारी देवाची कृती, आणि ती माणसाच्या पहिल्या पावलाच्याही आधी सुरू झालेली असते.

415 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या डिओस्पोलिसच्या धर्मसभेने पेलागियसला निर्दोष सोडलं. 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याच्या मतांचा निषेध केला, पोप झोसिमस आधी घुटमळला आणि मग त्याच वर्षी त्यानेही निषेध केला. 431 मध्ये एफेससच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. जिंकता जिंकता ऑगस्टिन मात्र कठोर होत गेला. कृपा निखळ देवाचीच, तर ती कोणाला मिळते आणि कोणाला नाही हेही देवानेच ठरवलेलं, आणि बाप्तिस्म्याविना मेलेलं तान्हं बाळसुद्धा दंडाला पात्र, इथवर तो गेला. इथे त्याच्या तर्काने त्याच्या करुणेला मागे टाकलं, असंच म्हणावं लागतं. 529 मध्ये ऑरेंजच्या दुसऱ्या परिषदेने त्याच्या शिकवणीचा गाभा राखला. विश्वासाची पहिली ओढसुद्धा कृपेचीच देणगी, हे तिने मान्य केलं. पण देव कोणाला पापासाठीच नेमून ठेवतो ही कल्पना झिडकारली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये हा वाद असा पेटलाच नाही. तिथे तारण म्हणजे देवाच्या जीवनात हळूहळू सहभागी होत जाणं, आणि त्यात देवाची कृपा आणि माणसाची संमती बरोबरीने चालतात. माणसाच्या बाजूने पहिलं पाऊल पडू शकतं असं लिहिणारा जॉन कासियन पश्चिमेत संशयास्पद ठरला. पूर्वेत तो संत आहे.

यानंतर हजारएक वर्षांनी जर्मनीत एक तरुण संन्यासी तासन्‌तास पापनिवेदन करी, बाहेर पडे आणि राहून गेलेलं एखादं पाप आठवून पुन्हा परत येई. 1505 मध्ये वादळात जवळच वीज कोसळल्यावर मार्टिन ल्यूथरने संन्यासाचा नवस बोलला आणि तो एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपास, जागरणं, थंडीत कुडकुडणं, काही बाकी ठेवलं नाही. मठातल्या तपश्चर्येच्या जोरावर कोणी स्वर्गात गेला असता तर आपणच गेलो असतो, अशा अर्थाचं त्याने पुढे लिहिलं. त्याचा दुखरा भाग निराळा होता. आपण पुरेसं केलं का, मनापासून केलं का, याची खात्री कशी पटावी? बायबलमध्ये देवाच्या न्यायीपणाचा उल्लेख आला की त्याला धडकी भरे. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाशी झगडता झगडता त्याला उमगलं, की तिथलं न्यायीपण पाप्याला शिक्षा करणारं नाही, तर ते देव पाप्याला देऊ करतो आणि विश्वास ते नुसतं स्वीकारतो. मृत्यूच्या आदल्या वर्षी, 1545 मध्ये, त्याने हा अनुभव सांगितला तेव्हा स्वर्गाची दारं उघडल्यासारखं वाटल्याचं लिहिलं.

1517 चं प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवं. मेन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने ते पद मिळवण्यासाठी फुगर पेढीचं मोठं कर्ज काढलं होतं. रोममध्ये सेंट पीटर्सची नवी वास्तू उभी राहत होती. दोन्ही गरजा भागवायला दंडमाफीची पत्रं विकायला निघाली. निम्मे पैसे रोमला, निम्मे कर्जफेडीला. पापाची क्षमा पापनिवेदनात मिळते, पण पापाचा ऐहिक दंड उरतो आणि तो इथे किंवा मरणोत्तर शुद्धिस्थानात फेडावा लागतो, अशी शिकवण होती. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्यसंचयातून तो दंड माफ करण्याचा अधिकार चर्चला आहे, असं मानलं जाई. योहान टेट्झेल नावाच्या डोमिनिकन धर्मोपदेशकाने या बारीक धर्मशास्त्राची बाजारी दवंडी केली. ल्यूथर आता शिकवत होता त्या विटेनबर्गमध्ये ही विक्री करायला बंदी होती, म्हणून तिथले लोक हद्दीपलीकडे युटरबोगला जाऊन पत्रं आणू लागले.

या विक्रीविरुद्ध ल्यूथरने 1517 मध्ये मांडलेल्या 95 मुद्द्यांकडे बोट दाखवून त्याने सत्कृत्यांना हद्दपार केलं असं सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांनी ते मुद्दे वाचलेले नसावेत. गरिबाला देणारा, गरजूला उसने देणारा माणूस दंडमाफी विकत घेणाऱ्यापेक्षा चांगलं करतो, आणि अडलेल्याकडे पाठ फिरवून त्या पत्रांवर पैसे खर्च करणारा देवाचा कोप ओढवून घेतो, हे त्याच मुद्द्यांत आहे. त्याचा राग सत्कृत्याच्या नावाखाली चाललेल्या खरेदीवर होता. स्वतःच्या तारणासाठी केलेलं दान अखेर स्वतःसाठीच असतं, शेजारी त्यात निमित्तमात्र; तारणाची चिंता देवाने मिटवली तरच शेजाऱ्याकडे शेजारी म्हणून पाहता येतं, हा ल्यूथरचा सगळ्यात सखोल विचार. आंब्याचं झाड आंबा होण्यासाठी फळ धरत नाही, ते आंबा आहे म्हणून धरतं. 1523 मध्ये लाइसनिग गावाने चर्चचं उत्पन्न एकत्र करून गरीब, अनाथ आणि म्हाताऱ्यांसाठी सामाईक निधी स्थापला, तेव्हा त्याच्या नियमावलीला ल्यूथरने प्रस्तावना लिहिली. मृतांच्या आत्म्यांसाठी मिस्सा म्हणायला जाणारा पैसा जिवंतांच्या भाकरीकडे वळला.

आणि तरी विश्वासाचा हाच धीर भलत्या हाती पडला. 1528 मध्ये ल्यूथर आणि त्याचे सहकारी सॅक्सनीतल्या गावांची पाहणी करायला फिरले. जे दिसलं त्याने तो हादरला. लोकांना प्रभूची प्रार्थना येत नव्हती, दहा आज्ञा येत नव्हत्या, आणि सुवार्तेतून ते एवढंच शिकले होते की आता काही करायची गरज नाही. 1529 च्या लघु प्रश्नोत्तरीच्या प्रस्तावनेत त्याची वेदना लपत नाही. मठातल्या तळमळणाऱ्या संन्याशासाठी जे जीवदान होतं, ते ज्याला कधी तळमळच नव्हती त्याच्यासाठी सुट्टी ठरलं. याकोबाच्या पत्राला ल्यूथर 1522 मध्ये गवताच्या काडीची किंमत देऊन बसला होता. सॅक्सनीच्या त्या गावांना याकोबच हवा होता.

कॅथलिक बाजूचं उत्तर ट्रेंटच्या परिषदेत आलं. 13 जानेवारी 1547 रोजी संमत झालेल्या निर्णयात 16 प्रकरणं आणि 33 नियम आहेत. पहिलाच नियम सांगतो, की ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कृत्यांनी देवापुढे नीतिमान ठरता येतं असं म्हणणाऱ्याचा धिक्कार असो. म्हणजे कॅथलिक चर्च स्वर्ग विकत घ्यायला शिकवतं, हा प्रोटेस्टंट घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला समज ट्रेंटच्या पहिल्याच नियमात खोटा ठरतो. फरक पुढे आहे. ल्यूथरच्या मते माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्ताचं नीतिमत्त्व त्याच्या नावे गणलं जातं म्हणून. स्वतःमध्ये तो मरेपर्यंत पापीही राहतो. ट्रेंटच्या मते देव नुसतं गणत नाही, तो माणसाला आतून खरोखर पालटतो, आणि पालटलेल्या माणसाच्या कृतींना खरंखुरं मोल असतं. ते मोलही अखेर देवाचंच दान, हा ऑगस्टिनचा विचार परिषदेने आपलासा केला. त्याआधी सहा वर्षं, 1541 मध्ये, रेगेन्सबर्गला कार्डिनल कॉन्तारिनी, मेलांख्थॉन, योहान एक, बुत्सर अशी दोन्हीकडची मोठी माणसं या एका मुद्द्यावर एकमताच्या मसुद्यापर्यंत आली होती. रोमला तो पटला नाही, ल्यूथरलाही नाही. हे हुकलेलं एकमत वाचताना आजही हळहळ वाटते.

मग युद्धं झाली, सीमा आखल्या गेल्या, आणि साडेचारशे वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1999 रोजी, ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाच्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा अंतःकरण नवं करून सत्कृत्यांसाठी बळ देतो, हे दोघांनी एका आवाजात मान्य केलं. सोळाव्या शतकातले धिक्कार एकमेकांच्या आजच्या शिकवणीला लागू नाहीत, असंही जाहीर केलं. मेथडिस्टांनी 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या जागतिक संघाने 2017 मध्ये त्याला दुजोरा दिला. सगळे खूश नव्हते. जर्मनीतल्या दीडशेहून अधिक प्रोटेस्टंट प्राध्यापकांनी सह्या होण्याआधीच जाहीर विरोध केला होता, आणि 2000 च्या महोत्सवासाठी पोपने दंडमाफी जाहीर केली ती त्याच सुमारास. प्रभुभोजनाच्या मेजावर कॅथलिक आणि लुथरन अजूनही अधिकृतपणे एकत्र येत नाहीत.

सह्यांपेक्षा मोठी झडती विसाव्या शतकाने आधीच घेतली होती. 1937 मध्ये डीट्रिख बोनहोफर या लुथरन पाळकाने ‘नाखफोल्गे’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी तो चालवत असलेली फिंकेनवाल्डची पाळकांना शिकवणारी सेमिनरी गेस्टापोने बंद पाडली. कृपेची शुद्ध शिकवण तोंडपाठ असलेल्या मंडळ्या हिटलरपुढे मान तुकवत होत्या, आणि बोनहोफरने त्यामागचं कारण स्वस्त झालेल्या कृपेत शोधलं. त्याचा मुद्दा असा, की ल्यूथरने कृपा ही आयुष्यभराच्या झगड्याच्या शेवटी उच्चारली होती. शेवटी आलेलं उत्तर पुढच्यांनी सुरुवातीलाच गृहीत धरलं, आणि झगडाच टाळला. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनब्युर्गच्या छळछावणीत बोनहोफरला फाशी दिलं गेलं. लुथरन परंपरेच्या आतून, तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने केलेली ही टीका आहे, म्हणून ती कोणाही विरोधकाच्या टीकेपेक्षा खोल जाते.

मराठी मुलखात हा प्रश्न एका आयुष्यात असा काही जगला गेला, की तो सोडून या विषयावर मराठीत लिहिणं अपुरं राहील. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. सगळं कुटुंब तीर्थांमागून तीर्थं पायाखाली घालत हिंडलं. व्रतं, स्नानं, पारायणं, ब्राह्मणांना दानं, यांत होतं नव्हतं ते संपलं. 1874 मध्ये दुष्काळाच्या हालांत वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. 1907 मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या ‘ए टेस्टिमनी’ या आत्मनिवेदनात रमाबाई हे सांगतात, तेव्हा त्यांचं दुःख आईवडिलांच्या श्रद्धेवर नाही. इतकं सगळं करूनही पुरेसं झालं असं कधीच वाटलं नाही, आणि स्त्री असल्यामुळे मोक्षाची वाटच जवळजवळ बंद आहे असं शास्त्रांतून हाती आलं, याचं ते दुःख आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. हिंदू म्हणजे कर्म आणि ख्रिस्ती म्हणजे कृपा, अशी वाटणी या कथेतून काढली तर ती चुकेल. चोखामेळा आणि जनाबाई यांनी विठ्ठलाकडे कर्मकांडाचा हिशोब मांडला नव्हता, आणि ल्यूथरच्या आधीचा मठ डोंगऱ्यांच्या तीर्थयात्रांहून फार वेगळा नव्हता. पुरेसं झालं का, ही धास्ती कोणत्याही धर्मात शिरू शकते.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यांना तिथवर काय घेऊन गेलं? त्या काळात वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅमला नेलं होतं. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी तिथे मायेने सांभाळत होत्या. असं कधी पाहिलं नव्हतं, असं रमाबाई लिहितात. या स्त्रियांसाठी तुम्ही हे का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे या विदुषीला आधी कोणाच्या तरी हातचं काम दिसलं, आणि त्या कामामागचा विश्वास त्यांनी मग विचारून घेतला.

पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी, शारदा सदन उभं राहून विधवांचं शिक्षण सुरू झाल्यावरही, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना वाटू लागलं. त्याच सुमारास विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हे कॉर्नवॉलमधल्या बाल्डू गावचे धर्मगुरू. 1851 मध्ये स्वतःचंच प्रवचन करता करता त्यांचं मन पालटलं होतं. शंभरेक वर्षं आधी मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली असाच, ऑक्सफर्डच्या तुरुंगात कैद्यांना भेटून, उपास करून, अमेरिकेत जाऊन येऊनही अस्वस्थ होता, आणि 24 मे 1738 रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या बैठकीत ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना ऐकताना निवांत झाला. रमाबाईंचा निवांतपणा त्याच जातीचा. तारण ही पुढे कधीतरी कमावून मिळणारी गोष्ट नाही, ते देवाचं आत्ताचं दान आहे, हे त्यांना पटलं.

आणि या पटण्यानंतरचं त्यांचं काम पाहा. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, पुण्याजवळ केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं, आणि पुढे 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, माग, तेलघाणा, छापखाना, सगळं मुली चालवत. आंधळ्या मुलींना शिकवण्याची सोय झाली. फुलहॅमसारखंच एक घर टाकलेल्या स्त्रियांसाठी केडगावलाही उभं राहिलं. त्याचं नाव कृपा सदन. आता मला काही करायला नको असा अर्थ रमाबाईंनी कृपेतून काढला नाही. करून दाखवण्याची धास्ती गेली, आणि हात मोकळे झाले.

मध्य प्रांतातून आलेल्या भुकेल्या मुलीला रमाबाईंचं धर्मशास्त्र कळायचा संबंध नव्हता. तिला भाकरी दिसली, अंगावर घातलेलं लुगडं दिसलं. तिच्या जागेवरून पाहिलं तर याकोबाचीच साक्ष खरी, कारण बाहेरच्या माणसाला दुसऱ्याचा विश्वास दिसतो तो केवळ त्याच्या कृतीतून. भाकरी देणारी बाई मात्र आपल्या निवेदनात श्रेय स्वतःकडे घेत नाही, आणि तिच्या जागेवरून पौल खरा ठरतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला शेवटचा न्याय या दोन्ही जागा एकत्र आणतो. तिथे निवाडा होतो तो भुकेल्याला जेवू घातलं की नाही, परक्याला घरात घेतलं की नाही, तुरुंगातल्याला भेटलं की नाही यावर, आणि ज्यांनी हे सगळं केलं त्यांना ते केल्याचं आठवतच नाही. ते चकित होऊन विचारतात, कधी केलं आम्ही हे? पेलागियसला यातली पहिली बाजू, कृतीची, दिसली होती; ऑगस्टिनला दुसरी, श्रेय न घेण्याची.